कॉलेजातले उपक्रम साडेतीनच्या आत संपायला हवेत. तुमचं मत काय?

शेवटची गाडी

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात टी.वाय.ला आहे. मागच्या आठवड्यात एकांकिकेची निवड होती. फळ्यावर लिहिलेलं, 'इच्छुकांनी सायंकाळी ५ वाजता हॉलमध्ये जमावे.' गेली तीन वर्षं मी हीच सूचना वाचतोय. आमच्या गावची गाडी ५.१० ची. त्यानंतरची पावणेआठला, तीही वरच्या फाट्यापर्यंतच. पावसात घाटीत माती आली की ती रद्द.

या वेळी मुद्दाम थांबलो. हॉलच्या दारात उभं राहून मोजलं. निवडीला एकवीस जण आले होते, त्यात एसटीने ये-जा करणारे दोन. एक मी. दुसरीचा मामा शहरात राहतो म्हणून ती थांबू शकली. आमच्या वर्गात मात्र निम्म्याहून जास्त मुलं पासवाली आहेत. म्हणजे निवड झाली ती शहरात राहणाऱ्यांतून आणि हॉस्टेलवाल्यांतून. बाकीच्यांना कोणी 'नको' म्हटलं नाही, त्यांच्यापर्यंत विचारणाच पोचली नाही.

वक्तृत्व, कबड्डीचा सराव, भित्तिपत्रक, वाङ्मय मंडळ, सगळ्यांची तीच गत. तास संपले की सुरू. आणि तास संपले की आम्ही स्टँडवर.

आता नव्या शैक्षणिक धोरणात या गोष्टींना क्रेडिट आहे. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), खेळ, सांस्कृतिक काम यातून दोन क्रेडिटं मिळवायची. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, दोनाचे ६०. जे गुणपत्रिकेवर येतं त्याला वेळापत्रकात जागा नको का? माझं म्हणणं एवढंच आहे: आठवड्यातून एक दिवस, समजा बुधवारी, दीड ते साडेतीन एकाही वर्गाचा तास लावू नका. सगळी मंडळं, सगळे खेळ, सगळ्या तालमी त्या दोन तासांत. पाचनंतर काही ठेवायचंच असेल तर ते जादा म्हणून ठेवा, निवड मात्र दिवसा करा.

प्राचार्यांना अर्ज द्यायचा आहे. त्याआधी इथे बोलूया. विरोधात असाल तर स्पष्ट लिहा.

विंगेतला

विरोधात आहे, स्पष्ट लिहितो.

मी चार वर्षं युवा महोत्सवात होतो, दोनदा दिग्दर्शन केलं. बुधवारच्या दोन तासांत एकांकिका उभी राहत नाही. ऑगस्टात स्पर्धा, कॉलेज जूनच्या शेवटी नाहीतर जुलैत सुरू, म्हणजे हातात कसेबसे सहा आठवडे. तुझ्या हिशोबाने बारा तास. बारा तासांत पाठांतरसुद्धा होत नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या एकांकिकेत मध्ये अंधार होतो, आणि त्या अंधारात तिघांनी एक लाकडी खाट उचलून डाव्या विंगेतून मध्यभागी आणायची. आठ सेकंदांत. आवाज होता कामा नये, कारण त्याच वेळी मागे म्हातारीचं कण्हणं चालू. पहिल्या रात्री खाटेचा पाय फळीवर आपटला. दुसऱ्या रात्री पायांना सायकलची ट्यूब गुंडाळली, तर खाट सरकेचना, चिकटून बसायची. मग ट्यूब काढून गोणपाट बांधलं. मग कळलं की तिघांपैकी मागचा जरा उंच असल्यामुळे खाट तिरकी होते, त्याला पुढे घेतलं. नऊ रात्री गेल्या यात. दहाव्या रात्री दिवा लागला तेव्हा खाट जागेवर होती आणि हॉलमध्ये बसलेल्या एकालाही ती कधी आली ते कळलं नव्हतं. हे बुधवारी दुपारी, उन्हाने उजळलेल्या हॉलमध्ये, बाजूला व्हॉलीबॉलचा आरडाओरडा चालू असताना व्हायचं नाही.

निवड दिवसा करा, हे मान्य. पण 'साडेतीनच्या आत संपायला हवेत' म्हणशील तर नाटक बंदच होईल.

दोन मुलींचा बाप

माझी मोठी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. मागच्या वर्षी तिने समूहगीताच्या गटात नाव दिलं होतं. मीच काढायला लावलं. ती फाट्यावर उतरते, तिथून वाडीपर्यंत दोन किलोमीटर चालत. रस्त्याला एक दिवा नाही. जुलै-ऑगस्टात साडेसातपर्यंत काळोख होतो. वहाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी गेलं तर पलीकडे थांबायचं. मी बागेत कामाला असतो, माझ्याकडे गाडी नाही. ज्यांना वाटतं की पालक मुलींना कोंडून ठेवतात त्यांनी एकदा त्या रस्त्याने चालून पाहावं.

आणि दुसरंही म्हणतो. मुलं शिकायला जातात. तिच्या परीक्षेच्या निकालावर आमचं पुढचं सगळं आहे. त्या दोन तासांत तिला कोणी अकाउंट्स नीट शिकवलं तर मला ते जास्त हवं. गाणं ती घरी म्हणतेच.

तासिकावाली बाई

मी एका ग्रामीण कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. माझा आक्षेप पालकांच्या आणि दिग्दर्शकाच्या आक्षेपाहून वेगळा आहे.

बुधवारी दोन तास मोकळे ठेवायचे म्हणजे ते दुसरीकडे भरून काढायचे. सत्राला शिकवण्याचे ९० दिवस हा नियम. त्यात गणपतीची सुट्टी, अतिवृष्टीची सुट्टी, परीक्षेसाठी खोल्या जातात ते दिवस. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकं बॅचनुसार लागतात, एकच प्रयोगशाळा, तीन बॅच. बुधवार दुपार काढून घेतली तर एक बॅच सकाळी साडेसातला बोलवावी लागेल, आणि साडेसातला पोचायला तुझ्याच गावच्या मुलांना पाचला उठावं लागेल. पहिली गाडी तरी आहे का त्या वेळी?

दुसरं, बघणार कोण? आमच्या विभागात पूर्णवेळ दोन, बाकी आम्ही तासाच्या हिशोबाने. आम्हाला पैसे शिकवलेल्या तासाचे मिळतात. मुलांचं नाटक बघायला मी आनंदाने थांबते, थांबलेही आहे, पण वर्षभराची व्यवस्था अशा थांबण्यावर उभी करू नका. अर्जात हे जरूर लिहा की उपक्रमाचा तास हा तास धरावा आणि त्याचं मानधन द्यावं. ते लिहिलंत तर सही करणारी पहिली मी.

आबोली

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकतेय. आमचं जवळजवळ सगळं हॉस्टेलवर, त्यामुळे पाचनंतरच दिवस सुरू होतो. मैदान, तालीम, मेसमध्ये जेवता जेवता वादविवाद. त्यामुळे इथे वाचेपर्यंत हा प्रश्न कधी डोक्यातच आला नव्हता. बारावीपर्यंत मीही एसटीनेच जायचे आणि तेव्हा शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनात मी नव्हते, हे आत्ता लिहिताना आठवलं. तेव्हा वाटायचं, मला स्टेजची भीती आहे.

मृदंगवाला

सगळे 'उपक्रम' म्हणजे कॉलेजच्या हॉलमधलंच धरून चाललेत, म्हणून लिहितोय.

मी गेली सहा वर्षं आमच्या वाडीच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवतो. शिमग्यात खेळे घेऊन गावोगाव फिरतो. गौरी-गणपतीत जाखडी. जाखडीत एका पायात चाळ (घुंगरं) बांधून गोल नाचायचं, मध्ये ढोलकी आणि गाणारे बुवा. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष सवाल-जबाब करतात, समोरच्याने पुराणातला प्रश्न टाकला की उभ्या उभ्या पदात उत्तर द्यायचं. रात्री दोन वाजता, माणसांनी भरलेल्या मांडवात. याहून अवघड वक्तृत्व स्पर्धा कुठली असते ते मला सांगा.

आणि कॉलेजात? 'लोकनृत्य' गटासाठी शहरातून नृत्य बसवणारे आले, त्यांनी मुलांना जाखडी शिकवली. त्या वेळी मी चौथ्या बाकावर बसलेलो होतो. चाळ दोन्ही पायांत बांधले होते. मी सरांना सांगितलं, सर, एकाच पायात असतो. ते म्हणाले, स्टेजवर दोन बरे दिसतात.

माझी मागणी वेगळी आहे. बुधवारचे दोन तास मिळाले तर चांगलंच, पण जो मुलगा वाडीत रात्र रात्र वाजवतो त्याचे ते तास धरा. गावच्या मंडळाचं पत्र घ्या, हवं तर एखाद्या प्राध्यापकाने येऊन बघावं. साठ तास? आमचे शिमग्याच्या पंधरवड्यातच भरतात.

विंगेतला

@मृदंगवाला, चाळाचं वाचून लाज वाटली. आमच्याही गटात असंच बाहेरून बसवून घेतलेलं. तुझी मागणी मला मूळ मागणीपेक्षा पटली.

कुडाळचो झील

@विंगेतला, माका ह्या पटाक नाय. तालमीशिवाय नाटक नाही म्हणतोस, आणि आमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिताच नसते. संध्याकाळी कंपनी गावात येते, कुठलं आख्यान लावायचं, कोण काय करणार ते ठरतं, आणि मग पहाटेपर्यंत संवाद तिथल्या तिथे. पेटारे उघडून नट स्वतःच रंगतात. कॉलेजच्या पोरांना ते लगेच जमेल असं म्हणत नाही, त्या नटांची उमर त्यात जाते. पण दोन तासांत बसणारं नाटक कसं असेल, याचा विचार तरी करा. सहा आठवडे रात्री जागून एकच प्रकारचं नाटक का बसवायचं?

बंधारेवाली

मला 'शेवटची गाडी'चं दुखणं शंभर टक्के मान्य, उपाय मान्य नाही.

दर आठवड्याला दोन-दोन तासांचे तुकडे करण्यापेक्षा सलग दिवस द्या. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. आमच्या शिबिरात सर्वांत जास्त मुली एसटीने येणाऱ्या होत्या. कारण सरळ आहे, रोज रात्री घरी पोचायचा प्रश्नच नव्हता, बाई बरोबर होत्या, आणि घरच्यांना एकदाच विचारायचं होतं.

डिसेंबरात वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी गोळा करायच्या, पात्रातल्याच मातीने पाऊण भरायच्या, गच्च नाही, म्हणजे एकमेकींवर नीट बसतात. तोंड सुतळीने शिवायचं. रचताना खालच्या दोन गोणींच्या सांध्यावर वरची गोण आली पाहिजे, नाहीतर पाणी सांध्यातून वाट काढतं. मधल्या फटीत चिखल कोंबायचा. माझ्या बाजूला जी मुलगी होती ती वर्गात दोन वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. तिथे तीच सगळ्यांना सांगत होती की गोण आडवी टाक, उभी नको, कारण तिच्या घरी दरवर्षी पाटाला बांध घालतात. संध्याकाळी वरच्या अंगाला गुडघाभर पाणी होतं. एवढा पाऊस पडून एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणारी आमची गावं, त्यामुळे वाडीतल्या बायका येऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, त्यानंतर चिखल उपसायला आम्ही गेलो होतो. त्यासाठी कुणी तास ठेवला नव्हता. नाटकाचंही असं करा. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांचं नाट्यशिबिर, राहण्याची सोय करून.

शेवटची गाडी

सगळं दोनदा वाचलं. एकेकाला उत्तर देतो.

@दोन मुलींचा बाप, काका, रस्त्याचं तुम्ही लिहिलंत तेच मी म्हणतोय. समूहगीताची तालीम दीडला असती तर तुमची मुलगी त्याच ५.१० च्या गाडीने घरी आली असती, तुम्हाला नाव काढायला सांगावंच लागलं नसतं. अभ्यासाचं म्हणाल तर मी त्या दोन तासांत अकाउंट्स सोडायला सांगत नाही, तेवढा वेळ आठवड्यात तसाही गाडीची वाट बघत स्टँडवर जातो. पासात दिवसाचं एक जाणं आणि एक येणं. ती एक गाडी चुकू नये म्हणून आम्ही अर्धा तास आधी जाऊन उभे राहतो.

@तासिकावाली बाई, मानधनाचं अर्जात घातलं. पहिल्या कलमात. सकाळच्या बॅचचा प्रश्न खरा आहे, माझ्याकडे त्याला उत्तर नाही, म्हणून 'विज्ञान शाखेसाठी दुपार वेगळी असू शकते' असं लिहितोय.

@मृदंगवाला, तुझं कलम दुसरं. शब्द तू लिहून पाठव, मला जाखडीतलं कळत नाही.

@बंधारेवाली, शिबिर हवंच. पण शिबिराला नाव कोण देतं? ज्याला आधी कधी विचारलं गेलंय तो. तुमच्या त्या न बोलणाऱ्या मुलीला दोन वर्षांत दर बुधवारी दोन तास मिळाले असते तर ती डिसेंबरच्या आधीच बोलली असती, असं मला मनापासून वाटतं.

@विंगेतला, शीर्षक चुकलं माझं. 'संपायला हवेत' नाही, 'सुरू व्हायला हवेत'. शेवटचे दहा दिवस रात्री लागणार, हे खाटेचं वाचून पटलं. पण त्या दहा रात्री पासवाल्या मुलांनी राहायचं कुठे? मुलगे हॉलमध्ये झोपतील. मुलींचं काय?

विंगेतला

आमच्या वेळी मुली शहरातल्याच होत्या, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नाही. लिहिताना आत्ता कळतंय, का शहरातल्याच होत्या ते.

तासिकावाली बाई

माझं भाड्याचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे. दोन खोल्या. दहा दिवस तीन मुली राहू शकतात, जेवणाचं आपण मिळून बघू. घरच्यांशी मी स्वतः फोनवर बोलेन.

दोन मुलींचा बाप

बाई, समूहगीताची निवड कधी आहे यंदा? आणि दिवसा आहे का?