मदत हवी आहे: आरशाला ढकलणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा कुठे जाते?

बारावीच्या मुलांना प्रारणाचा दाब (प्रकाश पृष्ठभागावर आदळून टाकतो तो दाब) शिकवतेय. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वस्तुमान नसलं तरी संवेग असतो, p = E/c (E ऊर्जा, c प्रकाशाचा वेग), इथपर्यंत सगळ्यांना पटलं. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यप्रकाश दर चौरस मीटरला साधारण 1361 वॅट मिळतो. तो पूर्ण परावर्तित झाला तर दाब जेमतेम 9 मायक्रोपास्कल, पण 2010 मध्ये जपानच्या इकारोस या सौरशिडाच्या यानाने एवढ्याशा दाबावर अवकाशात वेग बदलून दाखवला. हे ऐकून वर्ग खूश!

मग एका मुलीने विचारलं, "प्रकाश सगळाच परत आला, तर आरशाला गतिज ऊर्जा दिली कोणी?" फार सुंदर प्रश्न आहे, तो "पुढे शिकाल" म्हणून टाळायचा नाहीये.

माझं उत्तर असं: आरसा मागे सरकतो, म्हणून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित घटते. फोटॉनच्या ऊर्जेतली, म्हणजे hν मधली (h प्लँकचा स्थिरांक, ν वारंवारता), ही घट म्हणजेच आरशाची गतिज ऊर्जा. पण मुलांना हे गणितातून दिसायला हवं. सापेक्षतावाद न आणता, फक्त ऊर्जा आणि संवेग अक्षय्यतेची दोन समीकरणं मांडून ही घट काढता येईल का? स्थिर आरसा घ्यावा की आधीच सरकणारा? कोणी वर्गात असं शिकवलं असेल तर पायऱ्या सविस्तर लिहा, प्लीज.