मदत हवी आहे: अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस, इंजेक्शन आणि व्यायाम

नमस्कार मंडळी,
धाकट्या भावाला (वय २७) गेल्या महिन्यात अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिसचं (पाठीच्या कण्याला सूज आणणारा संधिवात) निदान झालं. त्याआधी तीन वर्षं 'गादी बदल, बाइक कमी चालव' एवढंच ऐकत होतो. पहाटे कंबरदुखीने जाग यायची, उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी, चाललं-फिरलं की मोकळी. आराम केला की उलट वाढायचं! शेवटी एमआरआयमध्ये सूज दिसली, एचएलए-बी२७ (या आजाराशी संबंधित जनुकाची रक्ततपासणी) पण पॉझिटिव्ह.

सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी थोडाच फरक आहे. संधिवाताचे डॉक्टर आता दर पंधरा दिवसांनी अडालिमुमॅबचं (प्रतिकारशक्तीला आवर घालून सूज कमी करणारं औषध) इंजेक्शन सुचवतायत, आधी टीबीची तपासणी करून. कुणी घेतलंय का? फरक कधी जाणवला? खर्चाचं कसं जमवलंत, विम्यातून काही मिळालं का?

दुसरं व्यायामाचं. पोहायला सांगितलंय, पण गार पाण्यात तो आखडतो. घरी भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभं राहणं, छाती फुगवून श्वास, थोडा वेळ पालथं झोपणं एवढं करतो. चार दिवस करतो, पाचव्या दिवशी दांडी. तुम्ही रोजचं कसं टिकवलंत? (सिगारेट सोडवणं हा वेगळाच तमाशा चाललाय.)

तेलं आणि मेथीचे लाडू आईने आधीच सुरू केलेत, ते कृपया सुचवू नका.