मदत हवी आहे: आठवड्याची गोळी आम्ही रोज दिली

नमस्कार मंडळी. सासूबाई 68 वर्षांच्या, संधिवात आहे. गेल्या महिन्यात नवीन डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे मला आत्ता कळतंय. चिठ्ठीवरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मेडिकलवाल्याने पाकिटावर पेनाने "रोज रात्री 1" लिहिलं आणि आम्ही इमानेइतबारे सात दिवस दिली. आठव्या दिवशी त्यांना मऊ भातसुद्धा गिळवेना. टॉर्च धरून बघितलं तर गालांच्या आत आणि जिभेच्या कडेला फोडच फोड. रक्तात पांढऱ्या पेशी घसरलेल्या. अ‍ॅडमिट करून ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) दिलं. आता घरी आहेत, जेवतायत.

त्यात सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही पिवळीच. पट्टी कापून दिली की कोण ओळखणार?

डॉक्टर म्हणतात, औषध पुन्हा सुरू करू. माझी छाती होत नाहीये. ज्यांच्या घरी हे चालू आहे, ते वार कसा सांभाळता? वारांचे कप्पे असलेली डबी घ्यावी, की गोळ्या सरळ माझ्याच कपाटात ठेवाव्यात? (सासूबाई स्वतःहून "राहिली वाटतं" म्हणून घेतात, तीही भीती.)

दुसरं, चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावी असं 2016 पासून नियमातच आहे. भांडण न करता हा विषय डॉक्टरांकडे कसा काढू? आणि औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या सरकारी 1800-180-3024 वर कुणी कधी कळवलंय का? काय विचारतात?