जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट लायब्ररीतून काढावा की नाही?

कल्याण_स्लो
कंपायलर जी ऑब्जेक्ट फाइल (अजून जोडायचा बाकी असलेला मशीन कोड) बनवतो ती वाचायची, त्यातले सेक्शन (तुकडे), सिम्बॉल (नावं), रिलोकेशन (कुठे कोणता पत्ता भरायचा याच्या नोंदी) बाहेर काढून द्यायचे, एवढंच करणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आम्ही दोघं-तिघं सांभाळतो, पगार बिगार काही नाही, ऑफिस आणि लोकल यातून जो वेळ उरेल त्यात. माझं मत सरळ आहे, ज्या आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या जातीची, जबाबदारी घ्यायला एकही माणूस नाही त्याचा कोड उडवा. लिनक्स कर्नलने 6.7 मध्ये इंटेलचं आयटेनियम काढलं, इंटेलचंच मूळ 386 तर 3.8 मध्येच गेलं, डेबियन 13 (लिनक्सचं एक वितरण) मधून एमआयपीएस ही प्रोसेसरची जात गेली, मग आपण कोण लागून गेलो? वर फझर नावाचं टेस्टिंग टूल चालवणारे लोक मुद्दाम बिघडवलेली फाइल देऊन क्रॅश काढतात, तोही आयटेनियमच्या कोडमध्ये, आणि विचारतात फिक्स कधी. बोला.

सीप्झवाला
अजिबात पटलं नाही. डेबियनने 32 आणि 64 बिट लिटल एंडियन (आकड्याचा लहान बाइट आधी) एमआयपीएस काढलं, म्हणून एमआयपीएस जगातून गेलं का? लॅमिंग्टन रोडला जाऊन जुने वायफाय राउटर उचला, बऱ्याच जणांच्या पोटात 32 बिट एमआयपीएस निघेल, कित्येकदा बिग एंडियन (मोठा बाइट आधी), आणि असलं फर्मवेअर उघडून बघायचं काम आमच्याकडे आजही येतं. दुसरं म्हणजे बिग एंडियन काढलंत की थोड्याच दिवसांत कोणीतरी शहाणा बाइट न उलटता फाइल जशीच्या तशी वाचणारा कोड टाकणार, त्याच्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि मग बँकेच्या मेनफ्रेमवरच्या लिनक्सवरून, म्हणजे एस390 वरून, बग आला की बसा बोंबलत.

रिलोकेशन_राणी
मी कल्याणदादांच्या बाजूने. फाइल ओळखणं काहीच नाही हो, ईएलएफ, म्हणजे लिनक्सवरच्या ऑब्जेक्ट फाइलच्या फॉरमॅटच्या, हेडरमधला मशीन नंबर बघायचा, 62 असेल तर एक्स86-64, 183 आर्म64, 243 रिस्क-फाइव्ह, संपलं. जीव जातो तो रिलोकेशनमध्ये. 386 आणि 32 बिट आर्म अ‍ॅडेंड (पत्त्यात मिळवायचा आकडा) इन्स्ट्रक्शनच्या आतच ठेवतात, एक्स86-64 वगैरे वेगळ्या फील्डमध्ये, इथवर ठीक. पण 32 बिट एमआयपीएसमध्ये पत्त्याचा वरचा अर्धा भाग एका इन्स्ट्रक्शनमध्ये आणि खालचा दुसऱ्याच, त्यामुळे हाय16 दिसलं की त्याचा लो16 सापडेपर्यंत हातात धरून बसायचं. आणि ते 64 बिट लिटल एंडियनवालं तर विचारूच नका, रिलोकेशनचं इन्फो फील्ड बाकी सगळ्यांसारखं 64 बिटचा एक आकडा म्हणून वाचलं की गंडलं, कारण त्यात आधी 32 बिटचा सिम्बॉल आणि मागून सुटे बाइट, एका एंट्रीत तीन तीन रिलोकेशन कोंबलेले. या एका प्राण्यासाठी जिकडे तिकडे इफ. नवीन मुलगा कोड वाचायला बसला की इथूनच पळतो.

सीप्झवाला
राणीताई, विचित्र आणि जुनं यात गल्लत होतेय. रिस्क-फाइव्ह नवं ना? तिथे लिंकर (ऑब्जेक्ट फाइल जोडून प्रोग्राम बनवणारा) लिंक करतानाच कोड छोटा करतो, म्हणून दोन लेबलमधलं अंतर असेंबलरला आधी सांगताच येत नाही, मग एकाच जागेवर अ‍ॅड आणि सब अशी दोन रिलोकेशन ठेवावी लागतात. ज्यांनी 'एका जागेला एकच रिलोकेशन' धरून डिझाइन केलं ते तिथे आपटले. आणि हे टाळता येणार नाही, सीडॅकचं वेगा, आयआयटी मद्रासचं शक्ती, सगळं रिस्क-फाइव्हच आहे.

गोरेगाव_पूर्व
क्यूएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टेस्ट लावा, विषय संपला.

माटुंगा_रोड
क्यूएमयू कशाला? 68के (मोटोरोलाचा जुना प्रोसेसर) ची फाइल वाचायला 68के मशीन लागतच नाही, लायब्ररी चालणार तुमच्याच लॅपटॉपवर. बिनयुटिल्स (लिंकर, ऑब्जडंप वगैरे टूलचा संच) सगळे टार्गेट चालू करून एकाच मशीनवर बिल्ड करता येतं. एका फोल्डरमध्ये प्रत्येक आर्किटेक्चरच्या दोन-चार नमुना फाइल ठेवा आणि ऑब्जडंपच्या (फाइलमधलं छापून दाखवणारं टूल) आउटपुटशी ताडून बघा. माणूस नाही माणूस नाही म्हणून उगाच रडारड.

कल्याण_स्लो
वाचण्यापुरतं बरोबर. पण आमची लायब्ररी रिलोकेशन लावून फाइल लिहितेसुद्धा, तिथे आकडा बरोबर बसला का हे शेवटी प्रोग्राम चालवल्यावरच कळतं. आणि टेस्ट लाल झाली की ती हिरवी कोण करणार, फोल्डर करणार का?

सीप्झवाला
गोल्ड लिंकर आठवा. बीएफडीचं (बिनयुटिल्सची सगळे फॉरमॅट हाताळणारी लायब्ररी) ओझं नको म्हणून फक्त ईएलएफसाठी नव्याने लिहिला, फास्ट होता, आणि 2025 मध्ये बिनयुटिल्स 2.44 ने त्याला मोडीत काढायला घेतलं. बीएफडीवाला जुना लिंकर एलडी मात्र जागेवर आहे. वजन कमी केलं म्हणून प्रोजेक्ट जगत नाही.

कल्याण_स्लो
अहो पण गोल्ड गेला तो सांभाळायला कोणी उरलं नाही म्हणून! तेच तर पहिल्यापासून सांगतोय.

रिलोकेशन_राणी
आणि एक्सझेड (फाइल कॉम्प्रेस करणारं ओपन सोर्स टूल) विसरू नका. 2024 मध्ये तिथे बॅकडोर सापडला, दमलेल्या एकट्या मेंटेनरला मदत करतो म्हणत आत आलेल्या माणसानेच घातला होता. लोकांना सपोर्ट सगळ्याचा हवा, पॅच पाठवताना मात्र सगळे बिझी.

कल्याण_स्लो
ठरवलंय, पुढच्या रिलीजला आयटेनियम आणि 64 बिट एमआयपीएस बाहेर. 32 बिट एमआयपीएस आणि एस390 राहतील, पण एमआयपीएसच्या बगना सीप्झवाल्यांचं नाव लागणार. चालेल?

सीप्झवाला
एमआयपीएस माझ्या नावावर टाका, नमुना फाइल शनिवारी पाठवतो. आयटेनियमला माझा विरोध नाही. 64 बिटला आहे, तो लिहून ठेवा.

माटुंगा_रोड
आणि 68के चं काय ठरलं?