सोलापूरकरांनो, मिस्त्री यायच्या आधी घरी काय दुरुस्त केलंत? (अनुभव धागा)

एप्रिल लागला, पारा चाळिशीपार गेला की सगळ्यांचे कूलर एकदमच माळ्यावरून उतरतात आणि मिस्त्री मिळेनासा होतो. घरात म्हातारी माणसं, तान्ही पोरं असली की त्याचं "उद्या येतो" सोसत नाही. म्हणून विचारतोय: काय बिघडलं, कशावरून ओळखलंत, काय केलंत आणि कुठं हात थांबवलात? ते शेवटचं तर जरूर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. कूलरचा वारा येत होता, पण गवत कोरडं ठाक. प्लग काढून पंप टाकीतून वर घेतला, त्याचं जाळीचं झाकण उघडलं आणि आतला लहान पंखा बोटानं फिरवून पाहिला. जाम. पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला. बोअरचं पाणी मुळात जड. कूलरमध्ये त्याची वाफ होऊन जाते, क्षार मागं राहतात, वर आपण पुन्हा तसलंच पाणी ओततो. टाकीतलं पाणी असं रोज आणखी जड होत जातं. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून पंप त्यात बुडवून ठेवला, मग जुन्या टूथब्रशनं घासला. पंखा मोकळा झाला, गवतावर धार पडायला लागली. आता आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून पुसतो. डासांसाठीही ते गरजेचंच आहे.

विजापूर रोडवरून:
दादा, आमच्या वॉशिंग मशीनचं दुखणंही पाण्याचंच. मशीन चालू व्हायचं, घूं आवाज यायचा, पाणी मात्र अगदी करंगळीएवढं. नळ बंद केला, प्लग काढला, मागचा पाईप सोडवला. पाईप जिथं मशीनला जोडतात तिथं आत एक बारीक जाळी असते. पक्कडीनं हळूच ओढून काढली तर गाळानं पार बुजलेली. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं आलं की पहिलं पाणी गढूळ येतं. ते आता बादलीत धरून झाडांना घालते, स्वच्छ आलं की मगच टाकीत सोडते.

साखर पेठेतून:
शेंगाचटणी करताना मिक्सर मध्येच गप्प झाला. लेक म्हणाला, "आई, मोटर गेली." पण जळका वास नव्हता. मिक्सर उलटा केला तर बुडाला लाल बटण. थोडा वेळ निवू दिला, बटण दाबलं, सुरू. शेंगदाण्याला तेल सुटलं की गोळा होतो, पातं अडतं, मोटर तापते आणि ते बटण मोटरला वाचवतं. आता थोडे थोडे दाणे घालून थांबत थांबत फिरवते. चव मात्र उखळात कुटलेल्या चटणीलाच, हे माझं ठाम मत.

अक्कलकोट रोडवरून:
मी मागावर काम करतो, रात्रपाळीनंतर दुपारी झोप लागते ती पंख्यावर. पंखा नुसता गुणगुणायचा, काठीनं ढकलला की फिरायचा. असं झालं की बहुतेक कंडेन्सर (मोटर फिरवायला मदत करणारा पंख्यातला छोटा डबा) गेलेला असतो. जुन्यावर छापलेला आकडा बघूनच नवा घ्या. आमच्यावर 2.5 मायक्रोफॅरड होता, बऱ्याच छताच्या पंख्यांना तोच असतो. मोठा बसवला की वारा जास्त लागतो असं लोक सांगतात, त्यांचं ऐकू नका, वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तापतं. नुसत्या भिंतीवरच्या बटणावर भरवसा नको, मेन स्विच बंद करा, टेस्टर लावा. काढलेल्या कंडेन्सरच्या उघड्या तारांना हात लावायचा नाही, वीज गेली तरी त्यात चार्ज राहतो.

जुळे सोलापूरमधून:
आमच्या पत्र्याच्या कूलरला हात लावला की मुंग्या यायलेत. पंपच बदलू का?

अक्कलकोट रोडवरून:
नको ताई! आधी तो कूलर बंद करा आणि पोरांना लांब ठेवा. तीन पिनांचा प्लग आहे का? सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का? हे वायरमनकडूनच तपासून घ्या, हे आपलं काम नव्हे.

विजापूर रोडवरून:
आणि जमलं तर 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. शॉक लागायला लागला की तो लगेच वीज तोडतो. आमच्या घरी कूलरमध्ये पाणी ओतायच्या आधी प्लग काढायचाच, हा नियम सासूबाईंनी घालून दिलाय.

जुळे सोलापूरमधून:
वायरमन येऊन गेला. पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून सोलली होती आणि प्लगमधली अर्थिंगची तारही निखळलेली. दोन्ही बदललं. आरसीसीबीचंही त्यालाच सांगितलंय, बोर्डात जागा आहे म्हणाला.