बोक्याची लघवी तुंबली, बिल आवाक्याबाहेर गेलंय. घरच्या प्राण्यासाठी कोणी मदत करतं का?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीहून लिहितेय. आमच्याकडे बंड्या नावाचा बोका आहे. चार वर्षांपूर्वी ऐन पावसात सोसायटीच्या मीटरखोलीत लेकीला सापडला, तेव्हापासून घरातलाच झाला.

गेल्या मंगळवारी तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत. मला वाटलं, शी अडकली असेल. खाण्यात थोडं तूप घातलं आणि उद्या बघू म्हटलं. बुधवारी सकाळी त्याला उलटी झाली आणि तो पलंगाखाली जाऊन पडला, हाक मारली तरी मान वर करेना. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितलं की लघवी तुंबलीये, मूत्राशय दगडासारखं टणक झालंय. रक्तात पोटॅशियम वाढलं होतं, त्याने हृदय बंद पडू शकतं म्हणाले. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांना हात जोडून सांगते, तो कुंथतोय आणि ट्रेमधली माती कोरडीच राहतेय असं दिसलं तर माझ्यासारखा एक दिवस घालवू नका. रात्र असली तरी न्या. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की वाट पूर्ण बंद होते.

गुंगी देऊन नळी घातली, तीन रात्री सलाईनवर ठेवला, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी. बिल ३१,४०० रुपये. भिशीचे पैसे आणि बहिणीकडून उसने घेऊन १९,००० भरले. उरलेल्या १२,४०० साठी डॉक्टरांनी महिनाभर थांबायचं कबूल केलंय, माणूस भला आहे. पण घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा थेंब थेंब सुरू झालंय. आणखी एकदा तुंबलं तर मूत्रमार्ग रुंद करायचं ऑपरेशन करावं लागेल, त्याचा अंदाज ४०,००० च्या पुढे.

मी पोळी-भाजीचे डबे देते, मिस्टर एका दुकानात कामाला आहेत. चार संस्थांना फोन केले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "रस्त्यावरचा आहे की पाळलेला?" पाळलेला म्हटलं की विषय संपतो. त्यांचंही बरोबर आहे, रस्त्यावरच्या जनावरांना कोणीच नसतं. पण हासुद्धा रस्त्यावरचाच होता, आम्ही घरात घेतला एवढंच. पाळीव प्राण्याच्या उपचाराला मदत करणारी संस्था किंवा ट्रस्ट कोणाला माहीत आहे का? अर्ज कसा करायचा, काय कागद लागतात? विम्याचं विचारून झालं, आधी झालेला आजार त्यात धरत नाहीत.

कृपया "एवढा खर्च मांजरावर कशाला" असं लिहू नका. घरात ते ऐकून झालंय.

प्रतिसाद १
ताई, परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहे ना? कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. त्याच आवारात १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पाळीव प्राणीही घेतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, जुने रिपोर्ट सगळे न्या. मात्र लघवी पूर्ण तुंबली असेल तर त्याला घेऊन लोकलने परळ गाठायच्या भानगडीत पडू नका. आधी जवळच नळी घालून घ्या, ऑपरेशनचं परळला विचारा.

प्रतिसाद २
मी प्राण्यांच्या एका संस्थेत काही वर्षं काम केलंय म्हणून लिहितो. फोनवर नकार येतो, कागद समोर असला की निदान वाचला जातो. डॉक्टरांच्या लेटरहेडवर आजाराचं नाव, ऑपरेशनचा अंदाज, भरलेली रक्कम आणि बाकी एवढं लिहून घ्या, खाली सही-शिक्का. अर्जात "पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरावेत" असं स्वतःहून लिहा, त्याने समोरच्याचा निम्मा संशय जातो. एकाच ठिकाणी ४०,००० मागू नका, चार ठिकाणी पाच-पाच हजार मागा. आणि काही झालं तरी तो अजून रस्त्यावरचाच आहे असं खोटं सांगू नका. काही लोक तसं सांगतात, मग पुढच्या खऱ्या माणसावरही कोणी विश्वास ठेवत नाही. मीटरखोलीत सापडला हे मात्र जरूर लिहा.

डॉक्टरांनाही मोकळेपणाने विचारा की यातलं आत्ता अत्यावश्यक काय, थांबता येईल असं काय. काही औषधं माणसांच्या मेडिकलमध्ये स्वस्त मिळतात, चिठ्ठीवर तशी लिहून देतील.

प्रतिसाद ३
जवळच्या जैन देरासरात, म्हणजे मंदिरात, जाऊन भेटा. बऱ्याच देरासरांत जीवदयेचं वेगळं खातं असतं आणि तो पैसा जीवदयेलाच लावायचा असा त्यांचा दंडक आहे. जैन असायची अट आम्हाला तरी कोणी घातली नव्हती. ट्रस्टींना बिल दाखवलं, दवाखान्याच्या नावाने चेक मिळाला. रक्कम लहान होती, पण त्या वेळी फार मोठी वाटली.

प्रतिसाद ४
मिलाप किंवा केटो या लोकांकडून मदत गोळा करायच्या वेबसाइटवर मोहीम टाकता येते, प्राण्यांच्या उपचारासाठीही. पण पहिले पैसे ओळखीच्यांकडूनच येतात, अनोळखी लोक नंतर. तुमच्या डब्याच्या गिऱ्हाइकांना, लेकीच्या शाळेतल्या पालकांना लिंक पाठवा. कागद तपासून पैसे हातात यायला वेळ लागतो, तेव्हा उद्याच्या खर्चासाठी त्यावर विसंबू नका. इथे जाहीर धाग्यात खाते क्रमांक टाकू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ प्रमाणे डॉक्टरांकडून पत्र लिहून घेतलं, त्यांनी लगेच दिलं. देरासरात मिस्टर काल जाऊन आले, रविवारी ट्रस्टींच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. गिऱ्हाइकांना सांगायची मला लाज वाटत होती. पण एका आजींनी स्वतःहून विचारलं आणि महिन्याचे डब्याचे पैसे आगाऊ दिले. वर म्हणाल्या, आमच्याकडेही होता एक बोका.

कोरडं खाणं पूर्ण बंद केलंय. डॉक्टरांनी सांगितलेलं ओलं खाणं देतेय, त्यात पाणी घालून. आज पहाटे ट्रेमध्ये लघवीने भिजलेल्या मातीचा मुठीएवढा गोळा दिसला, मी लेकीला उठवून दाखवला.

सोमवारी डबे पोचवून परळला जातेय, फक्त रिपोर्ट घेऊन. बोक्याचं हे ऑपरेशन तिथे कोणी करून घेतलंय का? नंतर किती दिवस ठेवून घेतात, आणि घरी जखमेची काळजी कशी घ्यायची, ते कोणी सांगेल का?