सकाळच्या कोवळ्या उन्हावर म्हाताऱ्या माणसांचं ‘डी’ (ड जीवनसत्त्व) भागतं का?

गंगापूररोडकर
नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटेपासून आजी-आजोबांची रांग असते. थंडीत कानटोपी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: ‘आम्हाला ऊन मिळतं, गोळी कशाला?’ पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण सूर्य खाली असताना हवेतच अडकतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन खरं कामाचं, म्हणजे साधारण दहा ते तीन. बाल्कनीच्या काचेआड बसून तर काहीच मिळत नाही. त्यात वयाबरोबर त्वचेतला कच्चा मालच घटतो, सत्तरीनंतर तरुणपणाइतकं ‘डी’ बनत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना डॉक्टरांना विचारून रोजचा छोटा डोस सुरू करावा. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सुचवतात, आणि धडधाकट माणसाची सरसकट रक्ततपासणी नको म्हणतात.

पंचवटीचे नाना
मला हे पटत नाही. आमचे वडील द्राक्षबागेत राबले, गोळी त्यांना माहीत नव्हती. आता ज्याचा रिपोर्ट काढाल त्याचं ‘डी’ कमीच! अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोक होते. रोज ‘डी’चे २००० युनिट देऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही, हे २०२२ मध्ये छापून आलं. मग घराघरात गोळी कशासाठी?

गंगापूररोडकर
नाना, त्या चाचणीत कमतरता असलेले लोक निवडलेले नव्हते. पोट भरलेल्याला वाढून उपयोग दिसला नाही, म्हणून उपाशी माणसाला जेवण नको असं कसं म्हणायचं? आणि वडील भर दुपारी बागेत असायचे. आज त्या वयाची माणसं फ्लॅटमध्ये असतात.

मेडिकलवाली ताई
माझं भांडण दोघांशीही आहे. काउंटरवर मला दिसतं ते वेगळंच. ‘डी’ची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, बहुतेकदा आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते. लोक तीच जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने नेतात, शेजारणीलाही देतात. रोज ८०० युनिटच्या हिशेबाने एका पुडीत ७५ दिवसांचा साठा असतो! अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळलेपण, आणि मूत्रपिंडावर ताण. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन पाहिले, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. २०१० सालची गोष्ट आहे ही. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर स्वतःहून हात लावूच नका.

सिडकोतून
आईचे गुडघे गेलेत, चौथा मजला, लिफ्ट नाही. एप्रिल-मे महिन्यात अकराच्या उन्हात तिला गच्चीवर कोण बसवणार? पण गोळीनेच सगळं होईल असंही नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, खुर्चीतून उठ-बस करण्याचा व्यायाम, यावर कुणी बोलतच नाही. म्हातारपणी खुबा मोडतो तो पडल्यामुळे.

गंगापूररोडकर
ताईंचं शंभर टक्के मान्य: मोठी पुडी मनाने नाही, रोजचा छोटा डोसच. दांड्याचंही खरं. पण ज्यांना उन्हात जाताच येत नाही, त्यांना गोळीपासून तोडू नका, एवढंच म्हणतोय.

पंचवटीचे नाना
अंथरुणाला खिळलेल्यांना द्या, त्याला माझी ना नाही. चालत्या-फिरत्या माणसाने मात्र आधी फिरायची वेळ बदलून बघावी. डिसेंबरात अकराचं ऊन सोसतं की!